शेलापागोट्यावाचून कुणी जायचं नाही

शेळगाव फाट्यावरच्या हायस्कुलात चित्रकलेचा तास क्वचितच चित्रकलेचा असायचा. सहामाही जवळ आली की गणिताचे सर तो मागून न्यायचे, वार्षिक जवळ आली की इंग्रजीचे. एरवीही कुणी ना कुणी रजेवर असायचंच. "नाना, आजचा तास देता का?" असं कुणी विचारलं की सावळाराम मखरे कानावरचा खडूचा तुकडा सारखा करत म्हणायचे, "घ्या की. माझी चित्रं भिंतीवर हायेत, ती कुठं पळून चालली न्हायीत."

देह पैलवानाचा आणि आवाज जत्रेतल्या पिपाणीचा, असं नानांचं रूप. पाचवीची नवी पोरं पहिल्या दिवशी हा डोंगर दारातून आत येताना बघून गप्पगार व्हायची. मग डोंगर तोंड उघडायचा, बारीक, नाकातला सूर निघायचा, शेवटचा शब्द वर उचलून सोडलेला, आणि वर्ग फुटायचा. नाना वाट बघायचे. हसणं ओसरत आलं की म्हणायचे, "बस खाली. हसायला वेळ हाय अजून." शाळा सोडून गेलेली, लग्नं झालेली पोरंसुद्धा बावड्याच्या बाजारात नाना दिसले की लांबूनच ओरडायची, "सर, बस खाली!"

कबड्डीच्या मैदानाच्या फक्कीच्या रेघा नानांच्या. फळ्यावरचा सुविचार नानांचा. नाटकाचा पडदा नानांनी रंगवलेला, त्यावरच्या राजवाड्याच्या खिडकीत एक साळुंकी काढलेली. पण हे सगळं मागे राहून करायचं काम. वर्षातून एकच दुपार अशी होती की नाना पुढे उभे राहायचे आणि आख्खी शाळा त्यांच्याकडे तोंड करून बसायची. ती दुपार म्हणजे स्नेहसंमेलनातली शेलापागोट्यांची.

शहरातली पोरं त्याला फिशपाँड म्हणतात. संमेलनाआधी आठवडाभर व्हरांड्यात तेलाचा एक रिकामा डबा ठेवायचा. त्यात ज्याला वाटेल त्यानं वाटेल त्याच्यावर एक टोमणा लिहून टाकायचा, स्वतःचं नाव न घालता. संमेलनात तो टोमणा रंगमंचावरून वाचला जायचा, आणि ज्याच्या नावानं असेल त्यानं सगळ्यांदेखत वर येऊन त्याला शोभेलशी भेट घेऊन जायची. बडबड्याला कुलूप, झोपाळूला उशी. हेडमास्तर बापूसाहेबांचं प्रत्येक भाषण "दोनच शब्द बोलतो" असं सुरू व्हायचं. त्यांना एका वर्षी मिळालं होतं, 'दोनच शब्द बोलायला उभे राहिले, आणि बसेपर्यंत सातवीची पोरं आठवीत गेली.' बापूसाहेब तो बंद पडलेला गजर हसत हसत घरी घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन शब्द बोलायला उभे राहिले.

डब्यातल्या चिठ्ठ्या नाना घरी नेऊन निवडायचे. बायको कौसल्या समोर बसायची, भाजी निवडायला बसावं तशी.

"ही बघा, 'काळी म्हैस पाण्यात दिसंना'. कुणावर हाय ते वाचत न्हाय मी."

"बंबात टाक."

"आन् ही, बापाच्या दारूवर."

"बंबात. हात धुऊन घे."

अंघोळीचं पाणी तापेपर्यंत बऱ्याच पोरांची इज्जत वाचलेली असायची. पण नानांचं खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. दहावीच्या वर्गाची नावं ते मनातल्या मनात बाकांच्या ओळीनं आठवायचे, आणि ज्यांच्यावर एकही चिठ्ठी पडलेली नाही त्यांच्यासाठी स्वतः लिहायला बसायचे. डाव्या हातानं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. पोर शाळा सोडून चाललंय. ते शेलापागोट्यावाचून जायचं नाही, हा नानांचा नेम.

त्याला कारण होतं. बावड्याला नाना स्वतः शाळेत होते तेव्हाही संमेलन व्हायचं. त्या दुपारी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत कान देऊन बसले होते. एकेकाचं नाव निघत होतं, पोरं लाजत, शिव्या देत उठत होती. सावळारामचं नाव निघालं नाही. सतरंज्या गुंडाळायला लागले तरी तो बसूनच होता, चुकून एखादी चिठ्ठी राहिली असेल म्हणून. टोमणा मारायलाही माणूस जरा जवळचं असावं लागतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

म्हणून नाना वर्षभर पोरांवर डोळा ठेवायचे. मागच्या वर्षी सुमित नावाचा एक मुखदुर्बळ पोरगा रोज न सांगता वर्गाचा माठ भरायचा. त्याच्यासाठी त्यांनी लिहिलं होतं, 'हा एक दिवस आजारी पडला, तर आख्खी दहावी तहानेनं मेली.' वर्गानं टाळ्या वाजवल्या, आणि सुमित कानापर्यंत लाल होऊन तांब्या घेऊन गेला.

शहाण्णव सालच्या जानेवारीत मात्र नाना अडले.

"कौसल्ये, एक पोरगी राह्यली. काय सुचंना."

"कोण?"

"जयवंता. दहावी अ. खिडकीकडची रांग, तिसरा बाक."

"कशी हाय?"

नानांनी डाव्या हातातलं पेन खाली ठेवलं. डोळ्यांपुढे दोन वेण्या आल्या, लाल रिबिनी आल्या. चेहरा येईना.

"तेच तर," ते म्हणाले. "कशी हाय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिक्षकांच्या खोलीत विचारलं. दहावी अ च्या वर्गशिक्षिका करुणाबाई बारामतीहून एसटीनं यायच्या. डबा उघडताही घड्याळ बघायच्या.

"जयवंता? शांत आहे, सर."

"शांत म्हंजे?"

"म्हणजे... शांत." करुणाबाई जरा ओशाळल्या. "खरं सांगू का? हजेरी घेताना तिचा 'हजर' मला ऐकूच येत नाही. पहिल्या सहामाहीत कितीदा तरी गैरहजेरी लागली बिचारीची. पोरगी समोर बसलेली, आणि माझ्या कॅटलॉगात गैरहजर! एकदाही तक्रार करायला आली नाही हो."

वर्गाचा मॉनिटर अनुप. त्याला व्हरांड्यात गाठलं.

"जयवंतावर शेलापागोटं टाकलं न्हाय का रे कुणी?"

"कोण जयवंता, सर?"

"तुझ्या वर्गातली!"

अनुपनं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "हां हां. हाय एक. ती खोडरबर मागितला की देती."

एवढीच माहिती. नानांना रात्रीचं जेवण गेलं नाही. आख्ख्या शाळेतलं पोरगं न् पोरगं मला ठाऊक, असं ते वीस वर्षं सांगत आले होते.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी सायकल काढली. निमित्त तयार होतं: नाटकातल्या म्हातारीसाठी नऊवारी लुगडं हवं होतं, आणि संमेलनाची लुगडी घरोघर मागूनच आणायची रीत होती. कालव्याच्या चारीच्या कडेनं, ऊसतोडीच्या गाड्यांना वाट देत देत ते जयवंताच्या वस्तीवर पोचले. घराच्या आडभिंतीपाशी सायकल टेकवणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"बस खाली. हसायला वेळ हाय अजून."

नानांचा एक पाय पायडलवर होता, तो तिथंच राहिला. आवाज त्यांचा होता. तोच नाकातला सूर, तोच शेवटचा उचललेला शब्द. क्षणभर त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावून बघितला.

भिंतीवरून डोकावले. अंगणात बाजेवर एक म्हातारी पाय पसरून बसलेली. शेजारची बनाबाई मांडीवर सूप घेऊन शेंगा फोडत होती. आणि मधोमध जयवंता, कानावर कोळशाचा तुकडा, पोट पुढे काढलेलं, ढांगा टाकत चाललेली. वळली, आणि एका गिरकीत करुणाबाई झाली. मनगट नाकाशी नेऊन न घातलेलं घड्याळ बघितलं, "मुलांनो, माझी साडेपाचची एसटी..." पुन्हा वळली, बापूसाहेब झाली, "दोनच शब्द बोलतो." बनाबाईच्या सुपातल्या शेंगा हसून हसून खाली सांडल्या.

मग जयवंताचं लक्ष भिंतीकडे गेलं. कोळसा कानावरून पडला. खांदे आत गेले, मान खाली गेली, आणि नानांच्या डोळ्यांदेखत ती पोरगी विझली. तिसऱ्या बाकावरची झाली.

"थांबलीस का गं जये?" म्हातारी म्हणाली. "कोण हाय?"

"सर आल्यात, आज्जे," जयवंता पुटपुटली. "खरं."

"आँ? मग आत्ता बोलत हुते ते?"

बनाबाईनं तोंडाला पदर लावला. नाना पुढे आले, पण अंगणातून ओसरीच्या उंबऱ्याशी आल्यावर थबकले. ती त्यांच्या वडलांची सवय. वडील गेले, सवय राहिली होती.

म्हातारीनं ते बघितलं. "या की आत, सर. शाळंत काय उंबऱ्याभाईरनं शिकिवता व्हय? बसा तितं, वाकळंवर. जये, च्या टाक. मी प्रयागबाई, हिची आज्जी. आन् तुमाला मी वळखते. कानावर खडू ठिवता, आन् डुईचा घाम पुसला की कपाळ पांढरं हुतं तुमचं."

नानांनी नकळत कपाळ पुसलं. पांढरं झालं. प्रयागबाई खूश झाली.

"सांगते तुमाला," ती म्हणाली. "सातवीनंतर हिच्या बापानं हिला घरी बसवाया काढली हुती. मी आडवी पडले. म्हनलं, जाऊ दे पोरगी. पर माझी एक अट. रोज आल्यावर शाळंत काय झालं ते समदं मला सांगायचं, कोण काय बोललं, कसं बोललं, हाय तसं. म्या कधी शाळंची पायरी चढले न्हाय. आता गुडघं चढू देत न्हाईत. पर सर, तीन वर्सं झाली, रोज सांजच्याला शाळा हितं माझ्यापुढं भरती. मला तर मार बी बसतो कवा कवा, ध्यान न्हाय दिलं की."

"मग हिला शाळेत का दिसंना कुणाला?" नानांच्या तोंडून निघून गेलं.

जयवंता कपबशी घेऊन दारात उभी होती. ती खाली बघत म्हणाली, "तितं जमत न्हाय, सर. तितं समदी बघत्यात."

"हितं न्हाय का बघत?"

"हितं आज्जी हसती का त्येच बघायचं असतं. मी कशी दिसते ते न्हाय." मग एकदम घाबरून, "सर, शाळेत सांगू नका. करुणाबाईंना कळलं तर? मी कुणाला हसत न्हाय, सर. तशी करत न्हाय मी."

"ते कळलं मला," नाना म्हणाले. "न्हाय सांगत. पर माझं पोट इतकं पुढं असतं?"

उत्तर प्रयागबाईनं दिलं: "निम्मंच काडती ती. आदर राखून."

लुगडं घेऊन निघताना म्हातारीनं हाताला धरलं. "मार्चात हिची परीक्षा झाली की माझीबी शाळा सुटली म्हनायची," ती हसत म्हणाली, आणि लगेच दुसरीकडे बघायला लागली.

आता नानांकडे मजकूर होता आणि लिहिता येत नव्हतं. एक चिठ्ठी लिहिली, 'शाळा सुटल्यावर शाळा भरवते ती कोण?' फाडली. हे म्हणजे सांगितल्यासारखंच झालं. दुसरी लिहिली खोडरबरावर. वाचून बघितली, आणि स्वतःचीच लाज वाटून फाडली. ज्या पोरीत आख्खी शाळा सामावलीय तिला खोडरबर देऊन वाटेला लावायचं? कौसल्या म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की एक." नाना म्हणाले, "एकच तर ऱ्हातं नेहमी."

शेवटी त्यांनी कागदावर नाव लिहिलं, 'जयवंता, दहावी अ', आणि खाली काहीच लिहिलं नाही. सुचेल आयत्या वेळी, म्हणून तो कागद गठ्ठ्याच्या तळाशी घातला.

आयत्या वेळी वेगळंच झालं. तीन आठवडे नाटकाच्या तालमीत ओरडून, धुळीत लेझीम बसवून, संमेलनाच्या सकाळी नाना उठले ते आवाजाशिवाय. तोंड उघडलं तर नुसती हवा. कौसल्यानं हळदीचं दूध दिलं, ज्येष्ठमध दिलं, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. पिपाणी काही वाजेना.

"आता बोलायचंच न्हाय," कौसल्या म्हणाली. "इतक्या वर्सांत पहिल्यांदा घरात शांत हाय."

बापूसाहेबांनी मांडवातच निकाल लावला. "काळजी करू नका, नाना. राजवर्धन वाचेल. धीट आहे."

राजवर्धन धीट होताच. खिशात कंगवा घेऊन फिरणारा, वाक्य संपायच्या आधी स्वतःच हसणारा. त्याच्या खिशात त्याच्या मित्रांच्या वेगळ्या चिठ्ठ्याही असणार, बंबातून वाचलेल्या. आणि सुमितसारख्यांची नावं तो गाळणार, कारण त्यात त्याला हसण्यासारखं काही दिसणार नाही. नानांनी मान हलवली. हातानं खूण केली: मी वाचतो. बापूसाहेबांनी नानांच्या गळ्याकडे बघितलं. नानांनी पुन्हा खूण केली: तीन वाजेपर्यंत उघडेल.

मग ते चित्रकलेच्या खोलीत गेले आणि जयवंताला बोलावणं धाडलं. ती आली, दारात उभी राहिली. नानांनी फळ्यावर खडूनं लिहिलं: 'माझा आवाज गेला. तुझ्याकडे एक आहे. देशील?'

जयवंतानं वाचलं. पुन्हा वाचलं. "न्हाय, सर."

नानांनी लिहिलं: 'तू पडद्यामागे. मी पुढे. नुसतं तोंड हलवीन. आवाज कर्ण्यातूनच येतो. कुणाला कळणार?'

"कळलं तर?"

'कळायला तू कुणाला दिसतेस कुठं?' एवढं नानांनी लिहिलं, आणि लिहून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ते बोचलं. घाईनं तळव्यानं पुसायला लागले. जयवंता मात्र पुसलेल्या जागेकडे बघत हसली. पहिल्यांदाच, शाळेच्या भिंतींच्या आत.

"व्हय, ते बी खरं," ती म्हणाली. "द्या चिठ्ठ्या."

तीन वाजता मांडव भरला. गावातली माणसंही आली होती. बायका एका अंगाला, बाप्ये दुसऱ्या अंगाला. जयवंताचा बाप ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाज घालून आईला घेऊन आला होता. "लेकीचं शेवटचं संमेलन हाय," असं म्हणून प्रयागबाईनंच हट्ट धरला होता. दोघातिघांनी तिला बाजेसकट उतरवून बायकांच्या घोळक्यात ठेवलं. शेजारी कौसल्या बसली होती.

नाना रंगमंचावर आले. माइकची वायर त्यांनीच मघाशी काढून ठेवली होती. डाव्या पडद्याआड, सूत्रसंचालनाच्या दुसऱ्या माइकपुढे, जयवंता स्टुलावर बसली होती. मांडीवर चिठ्ठ्यांचा गठ्ठा. नानांनी पोट जरा पुढे घेतलं आणि तोंड उघडलं.

"बस खाली," कर्ण्यातून आवाज आला. "हसायला वेळ हाय अजून."

मांडव हसला. स्वतःचा आवाज इतका मायाळू आहे, हे नानांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

समोर कौसल्याच्या हातातला पंखा थांबला होता. ती एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती, एकदा कर्ण्याकडे. आणि बाजेवर प्रयागबाई ताठ होऊन, कान पुढे करून बसली होती. तिनं तोंड उघडलं.

"ह्यो सरांचा न्हा..."

कौसल्यानं झटकन तिच्या गुडघ्यावर हात दाबला. गुडघा नेमका दुखरा निघाला. "आई गं!" प्रयागबाई कळवळली, आणि बाकीचं बोलणं आतच राहिलं. दोघी बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग कौसल्यानं पानाची चंची उघडून म्हातारीपुढे धरली, आणि नानांना श्वास घेता आला.

"राजवर्धन, दहावी ब. गाव झोपलं, कोंबडं आरवलं, तरी ह्याचा भांग मनासारखा पडंना!"

राजवर्धन दातपडका कंगवा घेऊन गेला. मग अनुप, मग नववीतली सोनम, मग खुद्द बापूसाहेब. पडद्यामागची पोरगी आता रंगात आली होती. चिठ्ठीत नसलेलं बोलत होती. "ए, मागं कोण शिट्ट्या वाजवतंय? फक्कीची पिशवी उचलायला ये उद्या." नाना धांदरटासारखे तिच्या मागून तोंड हलवत होते, कधी हात आधी वर जायचा, कधी वाक्य. लोकांना वाटलं, नाना आज भलतेच खुशीत आहेत. करुणाबाईंवरची चिठ्ठी आली, 'ह्यांचा तास एसटीच्या वेळापत्रकात छापलेला असतो.' ती वाचताना कर्ण्यातला आवाज जरा हळू झाला, आणि चिठ्ठीत नसलेलं एक वाक्य पुढे आलं: "पर पावसात गाडी बंद पडली तवा चिखलातनं चालत आल्या, ते बी आमाला ठावं हाय." करुणाबाई भेटीची शिट्टी घ्यायला आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

गठ्ठा संपत आला. नाना इतके रमले होते की तळाचा कागद त्यांच्या ध्यानातूनच गेला होता. कर्ण्यातून आवाज आला, "जयवंता, दहावी अ..." आणि थांबला.

तेव्हा त्यांना आठवलं. त्या कागदावर खाली काहीच नव्हतं.

कर्णे नुसते घुमत राहिले. मांडवात कुजबुज सुरू झाली. "कोण जयवंता?" "वाचा की, सर!" माइकवाला उठून वायरी चाचपायला लागला. नाना हात उंचावून तसेच उभे. एक शब्द जरी निघाला असता तरी त्यांनी वेळ मारून नेली असती. पण गळा बंद होता, आणि पोरगी पडद्याआड, हातात स्वतःच्या नावाचा कोरा कागद घेऊन. असं करायचं नव्हतं मला, नाना मनात म्हणत होते. वगळ, पोरी. पुढचं काहीतरी बोल. कुणाला कळणार न्हाय.

पडद्यावरची साळुंकी हलली. मग राजवाडा हलला. जयवंता बाहेर आली, माइक हातात, वायर मागे फरपटत. खांदे आत होते, मान खाली होती. रंगमंचाच्या मध्यावर येऊन थांबली. इतक्या लोकांकडे तिनं बघितलंच नाही. तिनं बाज शोधली.

मग माइक तोंडाशी नेला. आवाज नानांचा नव्हता, करुणाबाईंचा नव्हता, कुणाचाच नव्हता. जरा घोगरा, भरलेला, कुणी न ऐकलेला.

"हजर."

कर्णे शीळ घालून गेले. पहिल्या रांगेत करुणाबाईंनी तोंडावर हात ठेवला. बाकीच्यांना अजून काही उमगलं नव्हतं. भेट द्यायची राहिली होती, आणि जयवंतासाठी टेबलावर काही ठेवलेलंच नव्हतं. नानांनी इकडे तिकडे बघितलं, आणि कानावरचा खडू काढून तिच्या हातावर ठेवला.

तिनं तो बघितला. नीट, जागेवर बसेलसा, आपल्या कानावर ठेवला. पोट पुढे काढलं. या वेळी निम्मं नाही, पुरतं.

"बस खाली," नाना सरांच्या आवाजात ती म्हणाली. "हसायला वेळ हाय अजून."

मग अनुप उभा राहून ओरडला, "आयला! हीच वाचत हुती!" आणि मांडव फुटला. बापूसाहेब खुर्चीवर मागे रेलून हसत होते, गावकऱ्यांत बसलेला सुमित तांब्या बडवत होता, राजवर्धन केस विस्कटलेले विसरून टाळ्या वाजवत होता. "आमची जयी हाय ती!" प्रयागबाई कौसल्याचा हात हलवत होती. "मी पयल्यापास्नं म्हनत हुते, तुमीच गप केलं मला!"

बापूसाहेब समारोपाला उठले. माइक हातात घेतला, खाकरले, आणि आख्खी शाळा एका सुरात ओरडली, "दोनच शब्द!" मग ते खरोखर दोनच शब्द बोलले: "शाबास, जयवंता." आणि बसले.

ऊन उतरलं. सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं. दहावीच्या पोरी जयवंताला घेरून होत्या, "माझी कर ना गं," "अगं, गणिताच्या सरांची!" ती एकेकीची करत करत ट्रॉलीपर्यंत आली. प्रयागबाईची बाज वर चढवली गेली होती. नाना नाटकाचं लुगडं परत द्यायला, घडी छातीशी धरून, मागून आले.

"चढ गं वर," प्रयागबाई नातीला म्हणाली. "आन् आता सांग. आज शाळंत काय झालं?"

"आज्जे, तू हुतीस की हितंच!"

"हुते. पर माझ्या म्होरं ती उंच बाई बसली हुती आडवी. आन् मला शाळंतनं काय कळत न्हाय. तुझ्याकडनंच कळतं." म्हातारीनं नानांच्या हातातलं लुगडं घेतलं, मांडीखाली सारलं. "पयल्यापास्नं सांग. सर आले कसे?"

ट्रॅक्टर सुरू झाला. नाना हात वर करून उभे राहिले. ट्रॉली चारीच्या वाटेला वळेपर्यंत इंजिनाच्या घरघरीवरून त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत होता, बारीक, नाकातला, शेवटचा शब्द वर उचलून सोडलेला.

कौसल्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं नवऱ्याच्या रिकाम्या कानाकडे बघितलं, आणि पदराच्या टोकानं त्यांचं पांढरं झालेलं कपाळ पुसलं.